पान्हा उशिरा येतो, पण येतो

संध्याकाळची भाकरी झाली असेल, नसेल तर तव्याजवळ बसूनच ऐका. आम्ही निफाड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. आमच्यातल्या कुणी द्राक्षबागेत मजुरीला जातात, कुणाची स्वतःची थोडी शेती आहे, दोघी आशाताई आहेत. आज आम्ही बाळंतिणीच्या दुधाबद्दल बोलणार आहोत. गरोदरपणात जिला शुगर निघाली, अशा बाळंतिणीच्या दुधाबद्दल.

हा विषय का निवडला, ते आधी सांगतो. आमच्याकडून एक चूक झाली होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातल्या एका आक्कांची सून गरोदर होती. सातव्या महिन्यात तपासणीत तिला शुगर निघाली. तिनं पथ्य केलं, नववा महिना भरला, सिझर झालं, मुलगी झाली. आम्ही सगळ्या बघायला गेलो. दुसरा दिवस होता. बाळ रडत होतं आणि सुनेची छाती काही भरून आली नव्हती. आमच्यातली एक म्हणाली, "हिला कुठं दूध आहे?" दुसरी म्हणाली, "आणि असलं तरी शुगरवालीचं दूध गोड, बाळाला पण शुगर लागायची." कुणी तरी डब्याचं दूध आणायला पाठवलं. बाटली आली. बाळ बाटली पिऊन झोपलं, आम्हाला हायसं वाटलं. सून भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. आम्ही म्हणालो, बाळंतिणीचं मन हळवं असतं, होईल नीट.

महिनाभरात तिचं दूध आटलं. डब्याचा खर्च सुरू झाला, तो बागेतल्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढा. पण पैशाचं राहू द्या. ती सून पुढं आम्हाला एकदा म्हणाली, "मावशी, मला दूध येणारच नाही असं तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं." तिचं खरं होतं. आमच्या मनात काही वाईट नव्हतं, आम्हाला माहितीच नव्हती. नंतर आम्ही सिस्टरांना विचारलं, दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं आणि शिकलो. ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

आधी ही गरोदरपणातली शुगर म्हणजे काय, ते बघू. पोटात बाळ वाढतं तेव्हा वार तयार होते. या वारेतून जे रस आईच्या रक्तात येतात, त्यांच्यामुळं आईच्या शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नाही. इन्सुलिन म्हणजे रक्तातली साखर पेशींमध्ये नेणारा रस. बहुतेक बायांचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून वेळ निभावतं. काहींचं शरीर तेवढं करू शकत नाही, मग रक्तात साखर वाढते. यात बाईचा दोष काही नाही. पेढे खाल्ले म्हणून झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"आपण बारीक, शेतात राबणाऱ्या बाया, आपल्याला कुठून शुगर?" असंही आपण म्हणतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगात चरबी त्या मानानं जास्त होती. म्हणजे आपलं अंग दिसायला बारीक असलं तरी आत साखरेच्या आजाराची वाट मोकळी असू शकते. म्हणून सरकारी नियमातच आहे, की प्रत्येक गरोदर बाईची शुगर तपासायची, जाड असो की बारीक. पहिल्या तपासणीला एकदा आणि सहाव्या-सातव्या महिन्यात, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान, पुन्हा एकदा. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर. ही तपासणी जेवून आलात तरी होते, उपाशी आलात तरी होते. सकाळी बागेत जायचंय म्हणून टाळू नका.

आता दुधाकडं येऊ. अशा आईच्या बाबतीत पहिल्या तीन-चार दिवसांत दोन गोष्टी घडतात. त्या दोन्ही समजल्या, की पुढचं सगळं सोपं होतं.

पहिली गोष्ट बाळाची. आईच्या रक्तात साखर जास्त, म्हणून नाळेतून बाळाकडं जाणारी साखरही जास्त. ती जिरवायला बाळाचं शरीर पोटातच जास्त इन्सुलिन तयार करायला शिकतं. लग्नघरात पंगतीसाठी मोठी चूल पेटवलेली असते ना, तसं. मग बाळ जन्मतं, नाळ कापली जाते, साखरेचा पुरवठा एकदम थांबतो. पण चूल तशीच धडधडत असते. त्यामुळं बाळाच्या रक्तातली साखर भराभर खाली येऊ शकते. पहिल्या काही तासांत याचा धोका सगळ्यात जास्त. म्हणून शुगर असलेल्या आईच्या बाळाला जन्मल्यावर लगेच, तासाच्या आत, अंगावर घ्यायचं. आणि दवाखान्यात त्याच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासतात. साधारण तासाभरानं पहिल्यांदा, मग दर चार तासांनी पाजायच्या आधी, आकडे नीट येईपर्यंत. टाच टोचली म्हणून आजीनं घाबरू नये आणि "नको ते रक्त काढणं" असं म्हणून सिस्टरांना अडवूही नये. ही तपासणी बाळाच्या मेंदूला जपण्यासाठी असते.

दुसरी गोष्ट आईची. दूध तयार व्हायलाही शरीराला इन्सुलिनची मदत लागते. शुगर असलेल्या आईच्या शरीरात ते काम अडखळत होतं, त्यामुळं छाती भरून यायला एखाद-दुसरा दिवस जास्त लागू शकतो. बहुतेक बायांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पान्हा फुटतो. हिला चौथा दिवस उजाडू शकतो, कधी पाचवाही. त्यात सिझर झालेलं असेल, बाळ दुसऱ्या खोलीत काचेच्या पेटीत असेल, तर आणखी उशीर. आपल्या आक्कांच्या सुनेचं हेच झालं होतं. तिचं दूध वाटेवर होतं आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी दार लावून घेतलं.

म्हणजे बाळाला दूध लवकर हवं आणि आईला ते उशिरा येतं. पेच इथं आहे. तो सुटतो कशानं? चिकानं. बाळंतपणाच्या वेळी आईच्या छातीत चीक तयारच असतो. पिवळसर, घट्ट, थोडासा. गाय व्याली की आपण खरवसासाठी चीक जपून ठेवतो, वासराला पाजतो. आणि आपल्या घरच्या बाळंतिणीचा चीक मात्र "जड पडेल" म्हणून पिळून टाकायचा? पहिल्या दिवशी बाळाचं पोटही एवढंसं असतं. एका वेळी चहाचा एक चमचा, म्हणजे ५ ते ७ मिली, एवढंच त्याला पुरतं. तेवढा चीक आईकडं असतो. तो दर दोन ते तीन तासांनी बाळाच्या पोटात गेला पाहिजे. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा.

मध नाही, गुळाचं पाणी नाही, घुटी नाही. मधातून बाळाला जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून एक वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही.

बाळ ओढत नसेल, झोपाळू असेल, तर चीक हातानं काढून द्यायचा. हे आम्ही शिकलो आणि आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनाही शिकवलं. पद्धत अशी. आईनं हात साबणानं स्वच्छ धुवावेत. छातीला हलक्या हातानं चोळावं, गरम पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेक दिला तरी चालतो. मग अंगठा वर आणि दोन बोटं खाली, बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला ठेवायची. आधी छातीच्या दिशेनं मागं दाबायचं, मग बोटं एकमेकांकडं दाबायची, मग सोडायचं. दाबायचं, सोडायचं. कातडीवर बोटं घासायची नाहीत, बोंड ओढायचं नाही. पहिली दोन-चार मिनिटं काहीच येत नाही, तिथंच बाया हात सोडतात. धीर धरा. थेंब यायला लागतात. ते उकळून घेतलेल्या चमच्यात धरायचे आणि बाळाच्या ओठाच्या कडेशी टेकवून हळूहळू द्यायचे. वाटी-चमचा चालेल, बाटली नको. बाटलीची सवय झालेलं बाळ पुढं अंगावर ओढायला कंटाळतं.

बाळ नीट अंगावर लागणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. ती आपोआप येते असं नाही. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं हवं. मान वळलेली नको. बाळाचं तोंड मोठं उघडल्यावरच जवळ घ्यायचं, म्हणजे नुसतं बोंड नाही तर खालचा काळा भागही तोंडात जातो. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. आईला चिमटे बसल्यासारखं दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. सिझर झालेल्या बाईनं कुशीवर झोपून पाजावं, नाहीतर बसून बाळाला काखेखाली धरावं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. मुंबईच्या आयआयटीनं स्तनपानाचे व्हिडिओ मराठीतूनही तयार केले आहेत. एखादीच्या फोनवर लावून सगळ्यांनी मिळून बघा. आम्ही तसंच बघितलं, दोन-दोनदा.

आता आपल्या निफाडची एक खास गोष्ट. आपली थंडी साऱ्या महाराष्ट्रात गाजलेली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ते सकाळी बातम्यांत येतं. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आपली माणसं पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. नव्या बाळाचंही तसंच आहे. अंग गार पडलं की ते गरम ठेवायला बाळ आपल्याजवळची साखर जाळतं. ज्या बाळाची साखर आधीच खाली येऊ पाहते, त्याला गारठा जास्त बाधतो. म्हणून जन्मल्यावर लगेच अंघोळ घालायची घाई नको. बाळाला फक्त टोपी आणि लंगोट घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून चादर-गोधडी. नाक-तोंड मोकळं राहील एवढं बघायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते, साखर टिकते आणि बाळाच्या स्पर्शानं आईचा पान्हाही लवकर फुटतो. आई सिझरनंतर गुंगीत असेल तर बापाच्या छातीवर ठेवा. आमच्या वस्तीत एका बापानं पहिल्यांदा असं बाळ घेतलं तेव्हा पोरं हसली होती. आता कुणी हसत नाही. एक सांभाळायचं, बाळ छातीवर असताना मोठं माणूस जागं हवं. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपायचं नाही, धुरानं आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.

बाळाला पुरेसं मिळतंय का, हे रडण्यावरून ठरवू नका. लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एकदा तरी लघवी, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा. पाच-सहा दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा. काळी शी चार-पाच दिवसांत पिवळी झाली पाहिजे. पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतं, ते दोन आठवड्यांत भरून यावं. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट झाली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. आशाताई घरी येतात तेव्हा वजनकाटा आणायला सांगा.

आणि ही लक्षणं दिसली तर क्षणभर थांबू नका. बाळाला कापरं भरतंय, अंग ढिलं पडलंय, उठवूनही पीत नाही, अंग गार किंवा निळसर पडलंय, रडणं क्षीण झालंय, झटके येतायत. लगेच १०८ ला फोन करा. जाताना बाळ आईच्या छातीशी धरूनच न्या. पीत असेल तर पाजत न्या.

इथं एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर आमचा गैरसमज कराल. डब्याचं दूध म्हणजे विष, असं आम्ही म्हणत नाही. बाळाची साखर ४५ च्या खाली गेली, अंगावर पाजून, चीक देऊनही वर येत नसेल, तर डॉक्टर वरचं दूध द्यायला सांगतील किंवा शिरेतून ग्लुकोज देतील. ते घ्यायचं. त्यात आईची हार नाही. मोठ्या शहरांत काही ठिकाणी दुसऱ्या आयांनी दान केलेलं, तपासलेलं दूध मिळतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी दूधपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. तसं दूध जवळ नसेल तर डॉक्टर सांगतील तेवढं डब्याचं दूध, वाटी-चमच्यानं. पण ते औषधासारखं, मोजून, काही वेळेपुरतं. आणि त्या वेळातही आईनं दर दोन-तीन तासांनी दूध पिळत राहायचं, रात्रीसुद्धा. कारण छातीचं गणित साधं आहे. जेवढं दूध निघेल, तेवढं नवं तयार होईल. डॉक्टरांनी न सांगता, बाळ रडतंय एवढ्यावरून आपण शेजारणींनी डबा आणायचा, हे मात्र बंद. डब्याच्या दुधाच्या आणि बाटलीच्या जाहिरातीला आपल्या देशात १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. मग त्याची जाहिरात आपण बायांनीच बाळंतिणीच्या उशाशी बसून कशाला करायची?

आता शंका बघू. गटात आम्हाला विचारल्या गेल्या, त्याच सांगतो.

"शुगरवालीचं दूध गोड होतं, त्यातून बाळाला शुगर लागते का?" नाही. दुधातली साखर छातीतच तयार होते, ती वेगळी साखर आहे, सगळ्या आयांच्या दुधात असते. आईच्या दुधातून डायबेटिस बाळाला जात नाही.

"इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर पाजावं का?" पाजावं. इन्सुलिननं बाळाला काही होत नाही. मेटफॉर्मिनच्या गोळीचा दुधात अगदी नगण्य अंश उतरतो, ती घेऊनही पाजता येतं. बाळंतपणानंतर वार पडली की बहुतेक बायांची शुगर उतरते, औषधं बंद होतात. पण ती डॉक्टरांना विचारून बंद करायची. ज्यांना लग्नाआधीपासून डायबेटिस आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्यांची साखर पाजताना एकदम खाली येऊ शकते. त्यांनी पाजायच्या आधी थोडं खाऊन घ्यावं, उशाशी काही तरी ठेवावं.

"डिंकाचे लाडू, हळिवाची खीर बंद करायची का?" बंद नाही, गूळ कमी करायचा. हळीव, मेथी, डिंक, खोबरं, बदाम ठेवा. दिवसभरात चार लाडू खायचे ते एक खा. बाजरीची भाकरी, वरण, मेथी-शेपू, अंडं, ताक, बिनसाखरेचं दूध पोटभर द्या. पाजणारीला रोजच्यापेक्षा एक जेवण जास्तच लागतं. शुगरच्या भीतीनं तिला उपाशी ठेवू नका. आमच्या एका सासूबाईंनी सुनेचा भात पूर्ण बंद केला होता. सिस्टरांनी समजावल्यावर वाटीभर भात आणि दोन वाट्या वरण असं सुरू झालं.

"बाळंतपणाच्या आधीच चीक काढून ठेवावा का?" ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डायबेटिस असलेल्या, पण बाकी काही जोखीम नसलेल्या ६०० हून जास्त गरोदर बायांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापून आला. ३६ आठवड्यांनंतर हातानं चीक काढल्यामुळं बाळांना अपाय झाला नाही. पण आपल्याकडं ते मनानं करायचं नाही. कुणाला आधी लवकर कळा आलेल्या असतात, कुणाला रक्तस्राव झालेला असतो. डॉक्टर हो म्हणाले तरच. शिकून मात्र आधीच ठेवा, हात कसा धरायचा ते आठव्या-नवव्या महिन्यात सिस्टरांकडून समजून घ्या.

"सव्वा महिन्यानं, तीन महिन्यांनी मजुरीला जायचं, मग?" द्राक्षाच्या हंगामात हा प्रश्न घरोघरी असतो. जायच्या आधी पाजून जा, दूध पिळून स्वच्छ झाकणाच्या भांड्यात सावलीत गार जागी ठेवा. थंडीच्या दिवसांत चार तासांत वाटी-चमच्यानं आजीनं द्यावं. उन्हाळ्यात एवढा वेळ ठेवू नका, बाळालाच बागेवर सावलीत आणणं बरं. बागमालकानं पाजायला वेळ द्यावा, हे मागायला एकटीनं जाऊ नका, टोळीनं जा.

आता आईच्या स्वतःच्या फायद्याचं, जे आम्हालाही उशिरा कळलं. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढं आयुष्यात कायमचा डायबेटिस होण्याचा धोका इतर बायांपेक्षा जवळजवळ दहा पट असतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये अशा एक हजाराहून जास्त बायांवर बाळंतपणानंतर दोन वर्षं लक्ष ठेवलं. त्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये आला. ज्यांनी दहा महिन्यांहून जास्त काळ पाजलं, त्यांच्यात डायबेटिस होण्याचं प्रमाण दोन महिन्यांच्या आतच थांबलेल्या बायांच्या निम्म्याहूनही कमी होतं. वजन वगैरे बाकीच्या गोष्टी हिशेबात धरूनसुद्धा. दूध तयार करायला शरीर रक्तातली साखर वापरतं, अंगातली चरबी वापरतं. म्हणजे ती बाळाला पाजते तेव्हा स्वतःचंही औषध करत असते, बिनपैशाचं. म्हणून पहिले सहा महिने फक्त अंगावरचं, मग वरच्या जेवणाबरोबर दोन वर्षं किंवा पुढंही.

पण पाजलं म्हणजे तपासणी चुकवायची असं नाही. बाळाला दीड महिन्याचं इंजेक्शन द्यायला नेता ना, त्याच दिवशी आईची ग्लुकोज पिऊन पुन्हा तपासणी करून घ्या. बाळाची लस आपण विसरत नाही, आईचं रक्त विसरतो. मग दरवर्षी एकदा.

शेवटी आक्कांच्या सुनेचं सांगतो. गेल्या हिवाळ्यात तिचं दुसरं बाळंतपण झालं. पुन्हा शुगर निघाली, पुन्हा सिझर. या वेळी आम्ही पाळ्या लावल्या. आक्कांनी आधीच डॉक्टरांना सांगून ठेवलं, की बाळ लगेच अंगावर द्या. बाळाची साखर एकदा खाली आली, चमच्यानं चीक दिला, तासाभरानं तपासली, वर आली. दुसरा दिवस कोरडा गेला. तिसराही. तिसऱ्या रात्री ती रडली, म्हणाली, "आणा डबा." कुणी रागावलं नाही. जी पाळीला होती ती तिच्या पाठीला शेक देत बसली आणि म्हणाली, "अजून दोनदा पिळून बघू, लंगोट तर ओले होतायत." चौथ्या दिवशी दुपारी तिचा ब्लाऊज भिजला. आक्का आम्हाला फोन करून नुसत्या हसत होत्या, बोलता येईना.

तिच्या पहिल्या मुलीला आईचं दूध महिनाभरसुद्धा धड मिळालं नाही, ते आता परत येणार नाही. ती पोर छान वाढतेय, खेळतेय, पण ती सल आमच्या मनात आहे. आणि एखादीनं सगळं करूनही दूध कमीच आलं, असंही होतं. तिला बोल लावायचा नाही. जेवढं येतं तेवढं पाजावं, बाकीचं डॉक्टरांना विचारून द्यावं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एवढं करा. आपल्या गल्लीत, वस्तीवर गरोदर कोण आहे, तिची शुगर तपासली का, विचारा. जिला निघाली असेल तिच्या घरी आधीच जाऊन सासूबाईंशी, आईशी बोला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी असतं आणि तिथं निर्णय आईचा असतो. बाळंतपणानंतरच्या तीन-चार दिवसांच्या पाळ्या वाटून घ्या. आणि तिच्या उशाशी बसल्यावर "हिला दूध नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. म्हणा, "येतंय, आम्ही आहोत."

आज इथंच थांबतो.